तुमचे प्रश्न : आमची इतवारीतली दुकानांची इमारत हेरिटेजमधे बसेल का?

या वेळी जुन्या इमारतींवरची पत्रं बरीच आली. पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी हे होतं, छत गळायला लागतं, वॉर्डातून कोणीतरी पाहून जातं आणि मग घरात विषय निघतो, ठेवायची का पाडायची. एका पत्राला मोठं उत्तर देते कारण बाकीच्यांचेही अर्धे प्रश्न त्यातच येतात.

प्रश्न : नमस्कार ताई. आमची इतवारीत दोन मजली इमारत आहे, खाली नऊ दुकानं, वर जुनी गादी, म्हणजे व्यापाराची बैठक, आणि माल ठेवायची माडी, समोरून पूर्ण लांबीचा सागवानी सज्जा. मधल्या दारावरच्या दगडात १९२६ कोरलेलं आहे. पणजोबांनी बांधली, आता आम्ही अकरा वारस. दोन बिल्डर येऊन गेले, घरात रोज याच्यावरूनच वाद होऊन राहिले. मला पाडायची नाही. मोठे काका म्हणतात हेरिटेजचा ठप्पा बसला का प्रॉपर्टी मातीमोल, मग खिळाही ठोकता येत नाही. कोणी म्हणतं दिल्लीची मंजुरी लागते. आमच्या इथे कोणी पुढारी जन्मला नाही, लढाई झाली नाही, नुसता कपड्याचा न् किराण्याचा धंदा झाला. अशा इमारतीला दर्जा मिळतो का? मिळवायचा तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं 'नुसता धंदा झाला' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही ते कमीपणाने लिहिलं आणि माझ्या मते तुमच्या अर्जाचा सगळ्यात मजबूत मुद्दा तोच आहे.

बघा, नागपूर भोसल्यांची राजधानी होतंच, पण आज आपण ज्याला मार्केट म्हणतो ती इतवारी मोठी झाली ती नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत. १८६१ मधे मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी, १८६७ मधे मुंबईकडून रेल्वे आली, १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, कोष्ट्यांचे हातमाग तर आधीपासून चालूच होते, मग कापूस, सूत, लुगडी, धान्य, सगळ्याची उलाढाल वाढली आणि ती करायला बसायला जागा पाहिजे, म्हणून खाली दुकान वर गादी अशा इमारती उभ्या राहिल्या. आपल्या रेल्वे स्टेशनची आत्ताची दगडी इमारत १५ जानेवारी १९२५ ला उघडली, तुमची त्यानंतर साधारण वर्षाने. ज्या व्यापाराच्या भरवशावर ते स्टेशन मोठं झालं त्याच व्यापारातली तुमची इमारत आहे. स्टेशनला आपण वारसा म्हणतो, मग ज्या दुकानांसाठी माल उतरायचा त्यांना काहून नाही म्हणायचं?

आणि हे माझं नुसतं मत नाही. अशा इमारतींसाठी देशात पहिले नियम १९९५ मधे मुंबईत आले आणि तिथपासून इमारत निवडताना जे पाहतात त्यात बांधणी, वय, मोठ्या माणसांशी संबंध याच्या बरोबरीने सामाजिक आणि आर्थिक इतिहासातलं स्थान हाही निकष आहे. म्हणजे पुढारी जन्मला नाही तरी चालतं, बाजार जन्मला तर तेही मोजतात.

आता दिल्लीचं. तीन वेगवेगळी दारं आहेत आणि लोक ती एकात एक करतात. एक, केंद्राचा १९५८ चा कायदा, भारतीय पुरातत्त्व खात्याचा, किल्ले लेणी मंदिरं वगैरे, त्यात स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी घेऊनच काम, लोकांना जी भीती बसली आहे ती या नियमाची आहे. दोन, राज्याचा १९६० चा कायदा, राज्य पुरातत्त्व विभागाचा. तीन, शहराची हेरिटेज यादी, जी विकास नियंत्रण नियमांतून येते, आणि तुमचं दार हे तिसरं. नागपूरची यादी २००३ मधे निघाली, दीडशेच्या आसपास वास्तू आहेत, झिरो माईल, कस्तुरचंद पार्क त्यातलेच. तेव्हा पहिलं काम हे करा की मनपाच्या नगररचना विभागात जाऊन यादी बघा, आपली इमारत किंवा तिच्या शेजारची एखादी आधीच यादीत आहे का. हे न बघता अर्ज करणारे मी पाहिले आहेत.

काकांच्या खिळ्याबद्दल. यादीत ग्रेड असतात. ग्रेड एक म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, तिथे आत बाहेर कुठेच हात लावायचा नाही, मजबुतीसाठी गरज असेल तेवढंच. ग्रेड दोन मधे आतले बदल आणि नवा वापर बहुतेक चालतो, बाहेरच्या बदलावर मात्र बारीक लक्ष असतं. ग्रेड तीन म्हणजे रस्त्याच्या देखाव्यासाठी महत्त्वाची इमारत, तिथे आतले, बाहेरचे बदल, वापर बदलणं, साधारणपणे होऊ देतात, फक्त विचारून. तुम्ही पाठवलेले तीन फोटो पाहून मला वाटतं तुमची इमारत तीन मधे नक्की बसायला पाहिजे, सज्जा आणि खालच्या फळ्यांची दारं खरंच सगळी मूळची असतील तर दोनच्या खालच्या भागातही. ग्रेड एक मागू नका. मोठं मागितलं की थोडं कमी मिळेल हा हिशोब इथे चालत नाही, समितीतल्या लोकांना पहिल्या पानावरच कळतं की अर्जदाराने स्वतःची इमारत नीट पाहिलेली नाही.

काकांना अजून एक सांगा, आणि भांडून नका सांगू, कागद घेऊन बसा. बिल्डरने जो आकडा तोंडी सांगितला तो लिहून मागा. आत्ताच्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे २०२० मधे आली ती, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि इतवारीतल्या तुमच्या गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की ट्रॅफिक थांबते. त्यात नवीन बांधायचं तर रोड वायडनिंगची जागा सोडा, मार्जिन सोडा, पार्किंग द्या. एका चांगल्या आर्किटेक्टकडून एक कच्चा नकाशा करून घ्या की पाडल्यावर प्रत्यक्षात किती बांधता येतं आणि नऊपैकी किती दुकानं रस्त्याला लागून राहतात. जुन्या मार्केटमधे बरेचदा असं निघतं की आज जेवढा फ्रंट आहे तेवढा पाडल्यावर परत मिळतच नाही. हेरिटेज यादीतल्या इमारतीचा न वापरता येणारा एफएसआय टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, देण्याचीही तरतूद आहे, पण ती प्रकरणागणिक मंजूर होते, तेव्हा ती मिळणारच असं धरून घरात आकडे सांगू नका.

आता जे मिळत नाही तेही सांगते, नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल ताईने फसवलं. यादीत नाव आलं म्हणून दुरुस्तीचे पैसे आपोआप येत नाहीत. छत तुम्हालाच शाकारायचं आहे. आणि इमारत धोकादायक झाली तर यादी तिला वाचवतच असं नाही, मनपा कायद्याच्या कलम २६४ खाली पडायला आलेल्या बांधकामाला नोटीस निघते आणि माणसांचा जीव पहिला, त्यात वाद नाही.

इथे मला माझं स्वतःचं एक सांगायचं आहे. काही वर्षांपूर्वी महालमधे अशीच एक दुकानांची इमारत होती, तुमच्यापेक्षा लहान, चार दुकानं. त्या कुटुंबाला मी म्हटलं आधी फाईल नीट करू, मग दुरुस्ती. आम्ही तीन महिने कागद गोळा केले, फार सुंदर फाईल झाली. तेवढ्यात भाडेकरू एकेक करून निघून गेले, कारण गळत होतं, दुकान बंद झालं की दार उघडणारं कोणी नाही, दार उघडलं नाही की उधई, म्हणजे वाळवी, आत कुठपर्यंत गेली ते कळत नाही, आणि ऑगस्टमधे मागची भिंत बसली. फाईल अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच क्रम सांगते, आधी ताडपत्री, मग कागद. दुकानं चालू ठेवा. बाजाराची इमारत रोज सकाळी उघडते म्हणून उभी असते, तिला कुलूप लावलं की दोन पावसाळे पुष्कळ झाले.

तर सुरुवात या पद्धतीने. जून लागायच्या आधी वर चढून कौलं बघा, फुटलेली बदला, पन्हाळी साफ करा, सज्जाच्या तुळया जिथे भिंतीत शिरतात ती टोकं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तिथे टेकू द्या. स्ट्रक्चरल ऑडिट करा पण ज्याने चुना आणि लाकूड हाताळलं आहे अशा इंजिनिअरकडून, ज्याला फक्त आरसीसी येतं तो पाहताक्षणी 'पाडा' लिहून देतो, त्याचाही दोष नाही, त्याला तेच शिकवलं आहे. आणि कृपा करून सिमेंटचा गिलावा करू नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, वरून सिमेंट फासलं की ओल आत अडकते, वीट भुसभुशीत होते, दोन उन्हाळे आपल्या ४५ डिग्रीत तापली की गिलाव्याचा पापुद्रा विटेला घेऊनच खाली येतो.

मग कागद. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, जमीन नझूलची, म्हणजे सरकारी, लीज आहे का मालकीची ते आधीच कळू द्या, लीज असेल तर नूतनीकरण झालेलं आहे का तेही, कारण बरेच अर्ज इथेच अडकतात. घरटॅक्सचे जुने असेसमेंटचे उतारे मागा, त्यात इमारत कधीपासून आणि कोणत्या वापराची हे निघतं. दगडातलं १९२६ हा चांगला पुरावा आहे पण दगड नंतरही बसवता येतो, म्हणून त्याला दुसरा आधार पाहिजे. नागपूरच्या पुराभिलेखागारात मध्य प्रांताच्या काळातली कागदपत्रं आहेत, विदर्भ संशोधन मंडळातल्या जाणत्या लोकांना विचारा, १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचा, तुमच्या इमारतीच्या आधीचं आहे पण तेव्हाचा व्यापार कसा होता ते त्यात आहे. आणि सगळ्यात मोठा खजिना तुमच्या माडीवरच असेल, वह्या. जमाखर्चाच्या लाल वह्या, रेल्वेच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या), छापील पत्राचे कागद ज्याच्यावर दुकानाचं नाव पत्ता आहे, दिवाळीच्या पूजनाचे ग्रुप फोटो ज्याच्यात मागे सज्जा दिसतो. माल कुठून यायचा आणि कुठे जायचा हे एका वहीतून निघालं तरी तुमची इमारत नुसती जुनी राहत नाही, शहराच्या आर्थिक इतिहासाचा कागदोपत्री पुरावा होते. त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका, आजच खाली आणा, उधईच्या आधी.

एक जपा. जुन्या इमारतीला गोष्टी चिकटतात. १९२० मधे नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, १९२३ मधे झेंडा सत्याग्रह झाला, म्हणून शहरातल्या अर्ध्या जुन्या घरांत कोणीतरी मोठं येऊन गेल्याचं सांगतात. तुमची इमारत १९२६ ची आहे, तिच्या सज्ज्यात उभं राहून कोणी १९२३ चा मोर्चा पाहिला असं काकूंनी सांगितलं तरी अर्जात लिहू नका. एक खोटी गोष्ट सापडली की खऱ्या नऊवरचा विश्वास जातो. त्यापेक्षा हे लिहा की मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पुतळ्यांची, मिरवणूक तुमच्या ओळीतून जाते तेव्हा सज्ज्यावर किती घरची माणसं उभी राहतात, काळी मारबत १८८१ पासून निघते, आणि ती पाहायला उभं राहायची जागा म्हणून तुमचा सज्जा आजही वापरात आहे. हे खरं आहे, आणि दाखवता येतं.

अर्ज मनपा आयुक्तांच्या नावाने, प्रत हेरिटेज संवर्धन समितीला. सोबत मोजमापाचे नकाशे, सगळ्या बाजूंचे फोटो, इतिहास दोन-तीन पानं, आखीव पत्रिका, आणि अकरापैकी जितक्यांची मिळेल तितक्यांची लेखी संमती. नकाशांसाठी व्हीएनआयटीच्या आर्किटेक्चर विभागात विचारा, विद्यार्थ्यांना अशा इमारती मोजायला लागतातच. वारसा जपणारी संस्था इनटॅक, तिचाही नागपूर चॅप्टर आहे, फाईल दाखवायला योग्य जागा. पुढे समिती पाहणी करते, मत देते, यादीत बदल करायचा तर लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात, आणि शेवटी राज्य शासनाची मान्यता लागते. वेळ जातो. त्या वेळात नऊही शटर वर राहिले पाहिजेत.

संमतीवर मी इतका जोर काहून देते तेही सांगते. नाव कोणीही सुचवू शकतं, शेजारी, अभ्यासक, कोणीही. पण २०१२ मधे मुंबईत नवी यादी आली तेव्हा दादर शिवाजी पार्ककडच्या रहिवाशांनी केवढा विरोध केला होता आठवत असेल, ती माणसं काही वारशाची शत्रू नव्हती, आपल्याच घराचं आपल्याला न विचारता ठरतंय याचा तो राग होता. तुमच्या काकांनाही तसंच वाटत असणार. त्यांना फाईलमधे घ्या. दुकानाचा इतिहास त्यांच्याइतका तुमच्यापैकी कोणालाच माहीत नाही, तर ती दोन-तीन पानं त्यांनीच सांगावी आणि तुम्ही लिहून घ्यावी.

प्रश्न : मी अशाच एका जुन्या मार्केटमधे भाडेकरू आहे, वडिलांपासून घड्याळाचं दुकान. मालक म्हणतात हेरिटेज झालं का सगळ्यांना खाली करावं लागेल. दुरुस्ती पण करून देत नाहीत. खरं आहे का हे?
— एक दुकानदार, बर्डी

उत्तर : नाही दादा. यादीत नाव येणं आणि भाडेकरूचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दर्जा मिळाला म्हणून कोणाची भाडेकरी संपत नाही. तुमचं नातं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ने बांधलेलं आहे, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ मधे जागा वापरण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे, त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूने कमीत कमी १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून कापता येतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. जुनं भाडं इतकं थोडं असतं की त्यात पन्हाळसुद्धा बसत नाही, हे मला माहीत आहे. तरी नोटीस द्या, कारण पुढे कधी कलम २६४ ची वेळ आली तर तुम्ही वेळेवर सांगितलं होतं याचा कागद राहतो. आणि सगळे भाडेकरू मिळून मालकांकडे जा, एकेकटे नका जाऊ. छताचा खर्च वाटून घ्यायची तयारी दाखवली की पुष्कळ मालक बोलायला लागतात, कारण त्यांचीही अडचण खरी असते, दोनशे रुपये भाड्यात सागवान कोण बदलणार.

प्रश्न : आमच्या दुकानाच्या कमानीवर मोठा एलईडी बोर्ड लावायचा आहे, एसीचे युनिट पण बाहेर लागतील. इमारत यादीत आहे म्हणतात. चालेल?
— एक वाचक, सदर

उत्तर : विचारून करा, परवानगी लागते. माझा सल्ला म्हणाल तर बोर्ड कमानीच्या आत बसेल एवढाच करा, कमान झाकू नका, सुटी अक्षरं लावली तर अजून छान. खिळे दगडात न मारता सांध्यात मारा. एसीचे युनिट मागच्या बाजूला किंवा गच्चीवर, समोर नाहीच.

प्रश्न : ताई, आमची जुनी इमारत अर्धी पडली आहे, बाकीची या महिन्यात उतरवणार. आता काहीच होऊ शकत नाही ना?
— एक वाचक, महाल

उत्तर : इमारत वाचणार नाही असं तुमच्या फोटोंवरून वाटतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण काहीच होऊ शकत नाही असं नाही. एम्प्रेस मिलचं बघा, १८७७ ची मिल, आज त्या जागेवर मॉल आहे आणि मिलचं नाव तेवढं मॉलला राहिलं. आज तिथे फिरणाऱ्या मुलांना मिल कशी दिसायची, भोंगा कुठे होता, हे कळणं अवघड आहे. तुमच्याकडे अजून काही दिवस आहेत. मजूर लागायच्या आधी एक दिवस मोजमाप करून घ्या, प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ फोटो, टेप धरून, दारांच्या चौकटी, कडीकोयंडे, जिन्याचा कठडा यांचे जवळून फोटो. चौकटी आणि खांब भंगारात विकायच्या आधी शेजारच्या जुन्या इमारतीच्या मालकांना विचारा, त्यांना दुरुस्तीला तेच सागवान लागतं आणि तसं आता मिळत नाही. पहिल्या पत्रातल्या इतवारीच्या भाऊंना तुमचा निरोप मी कळवते, त्यांच्या सज्ज्याला चार खांब कमी आहेत.